वजन उतरल्यानंतर : लंघनाचे अनपेक्षित परिणाम आणि चिकित्सकाचे कर्तव्य

स्थौल्याची चिकित्सा करताना आपले सारे लक्ष वजनकाट्यावरील आकड्याकडे असते. आकडा खाली आला की रुग्ण आनंदित होतो, वैद्यास समाधान वाटते आणि औषध विक्रेत्याचाही त्या योगावरील विश्वास दृढ होतो. परंतु वजन उतरल्यावर त्या व्यक्तीच्या शरीरात, मनात व घरात काय घडते, याची विचारपूस आपण क्वचितच करतो. ट्रॉम्बे परिसरात व्यवसाय करीत असताना या दुर्लक्षाची किंमत मला एका रुग्णेच्या निमित्ताने कळली. तिची हकिगत लेखाच्या उत्तरार्धात येईल. तत्पूर्वी विषयाची शास्त्रीय बैठक पाहू.

शास्त्राची भूमिका

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अष्टौनिन्दितीय अध्यायात आठ निंद्य पुरुषांत अतिस्थूल व अतिकृश या दोघांची गणना आहे. अतिस्थूलाचे आठ दोष सांगताना आयुष्याचा ऱ्हास, हालचालीतील मंदता, दौर्बल्य, दुर्गंध, अतिस्वेद, अतिक्षुधा व अतितृष्णा यांबरोबर मैथुनातील कष्टाचाही उल्लेख येतो. मेदाने मार्ग अवरुद्ध झाल्याने वायू कोष्ठात संचार करतो व अग्नीस प्रदीप्त करतो, म्हणून स्थूलास भूक फार लागते, ही संप्राप्ती आपणा सर्वांस परिचित आहे. तिचा व्यवहारातील अर्थ मात्र आपण विसरतो. ज्याचा अग्नी व वायू दोन्ही प्रबळ आहेत, त्यास एकाएकी उपाशी ठेवणे धोक्याचे आहे. म्हणूनच आचार्यांनी स्थूलासाठी गुरु परंतु अपतर्पक अशा आहाराची योजना सांगितली. केवळ अन्न तोडावयास सांगितले नाही.

पुढच्याच लंघनबृंहणीय अध्यायात सम्यक् लंघनाची व अतिलंघनाची लक्षणे स्वतंत्रपणे दिली आहेत. शरीराची लघुता, वात-मूत्र-पुरीषाचे योग्य विसर्जन, उद्गार व मुखाची शुद्धी, तंद्रानाश, रुची, भूक व तहान एकाच वेळी लागणे आणि मनाची प्रसन्नता ही सम्यक् लंघनाची लक्षणे होत. सांधे फुटल्यासारखे वाटणे, अंगमर्द, मुखशोष, क्षुधानाश, अरुची, कान व डोळ्यांचे दौर्बल्य, मनाचा संभ्रम आणि देह-अग्नी-बल यांचा नाश ही अतिलंघनाची. या दोन्ही याद्यांत वजनाचा आकडा कोठेही नाही, मन मात्र दोन्हींत आहे. आजच्या आपल्या केसपेपरवर नेमके याच्या उलट दिसते.

शारीरिक परिणाम

वजन कमी होताना केवळ मेद जात नाही. घटलेल्या वजनापैकी साधारण चतुर्थांश भाग मांसधातूचा व तत्सम ऊतींचा असतो. आहारात प्रथिने अल्प असतील व व्यायाम नसेल तर हे प्रमाण वाढते. पन्नाशीपुढील स्त्रीरुग्णांत याची परिणती जिना चढण्याची शक्ती कमी होण्यात होते. त्या सांगतात, ‘वजन गेले, पण ताकदही गेली.’ ही तक्रार काल्पनिक समजू नये.

उपचारानंतर दोन ते तीन महिन्यांनी केस विपुल प्रमाणात गळू लागतात. तोपर्यंत रुग्ण लंघन विसरलेला असतो, म्हणून तो तेल बदलतो, शांपू बदलतो. अस्थिक्षयाच्या लक्षणांत केस, लोम व नखांचे पतन सांगितले आहे, त्याची येथे आठवण व्हावी. आहार सुधारल्यास बहुधा सहा महिन्यांत हे गळणे थांबते. रुग्णास आधीच सांगितले असेल तर तो घाबरत नाही.

दर आठवड्यास दीड किलोहून अधिक वेगाने वजन उतरल्यास पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. आहारातून स्नेह पूर्णतः काढून टाकल्यास पित्ताशयाचे आकुंचन नीट होत नाही, पित्त साचून राहते. तुपाचा थेंबही वर्ज्य करणाऱ्या रुग्णास ही गोष्ट समजावून द्यावी. कडक उपवासात रक्तातील युरिक आम्ल वाढते, त्यामुळे वातरक्ताचा जुना रुग्ण लंघनाच्या काळातच अंगठ्याच्या ठणक्याने उठतो. थंडी अधिक वाजणे, बसलेले असताना उठल्यावर चक्कर येणे, मलावष्टंभ हेही नित्याचे.

स्त्रियांच्या बाबतीत परिणाम दोन्ही दिशांनी होतो. बीजकोषांत ग्रंथी असलेल्या स्थूल तरुणीचे वजन पाच टक्क्यांनी उतरले तरी ऋतुचक्र पुन्हा सुरू होऊ शकते. मूल होणार नाही असे गृहीत धरलेल्या दांपत्यास मग अनपेक्षित गर्भधारणेस सामोरे जावे लागते. उलट, अतिलंघन केलेल्या कृश मुलीची पाळी बंद होते. दोन्ही शक्यता चिकित्सारंभीच बोलून दाखवाव्यात.

सर्वांत तातडीचा प्रश्न चालू असलेल्या आधुनिक औषधांचा आहे. वजन एक किलोने घटले की रक्तदाब सरासरीने सुमारे एक मिलिमीटर पाऱ्याने उतरतो. दहा किलो घटवलेला रुग्ण रक्तदाबाची जुनीच मात्रा घेत राहिला तर त्यास भोवळ येणारच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्या प्रमेही रुग्णाने एक जेवण सोडले तर रक्तशर्करा धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. थरथर, घाम, बडबड ही लक्षणे घरच्यांना सांगून ठेवावीत आणि लंघन आरंभण्यापूर्वीच ती औषधे देणाऱ्या डॉक्टरांशी मात्रेविषयी बोलणे घडवून आणावे. गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम या औषधांचे शोषण घटत असल्याचे १९९४ सालीच प्रसिद्ध झाले आहे, हेही लक्षात असावे.

महाराष्ट्रात २०१८ पासून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसृत केलेली आहारपद्धती घराघरांत पोहोचली. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली ही पद्धती म्हणजे दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण आणि ४५ मिनिटे चालणे. अठरा वर्षांखालील व्यक्ती, गर्भवती व टाइप १ मधुमेही यांनी ती अनुसरू नये, असे तिच्या प्रवर्तकांनीच सांगितले आहे. परंतु तोंडातोंडी पसरताना नियम पोहोचतो, अपवाद पोहोचत नाही. आपल्यासमोर बसलेला रुग्ण कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या औषधांसह हे करीत आहे, हे विचारणे आपले काम आहे.

मानसिक परिणाम

१९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर अर्धोपोषणाचा प्रयोग केला. सुमारे सहा महिन्यांत त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले. हे तरुण चिडखोर, उदास व एकलकोंडे झाले. त्यांस दिवसभर अन्नाखेरीज काही सुचेना. काहींनी पाककृतींचा संग्रह सुरू केला. पोटभर अन्न मिळू लागल्यावरही ही वृत्ती लगेच गेली नाही. चरकोक्त मनःसंभ्रमाचे याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही. हे तरुण स्थूल नव्हते, हा भेद ध्यानात ठेवावा. तथापि कडक लंघनातील रुग्ण घरी उगाच संतापतो तेव्हा त्यास ‘मनोनिग्रह नाही’ असे म्हणण्यापूर्वी हा प्रयोग आठवावा.

दुसरी गोष्ट अपेक्षाभंगाची. बारीक झाल्यावर सारे सुरळीत होईल, अशा आशेने अनेकजण वजन उतरवतात. वजन उतरते; पण सासरची कुरबूर, कामावरील जाच, लग्न न जमणे हे तसेच राहते. पूर्वी दुःखात खाण्याचा आधार होता, तोही हिरावलेला असतो. काहींच्या मनातील स्वतःची प्रतिमा बदलतच नाही. आरशात त्यांना जुनाच देह दिसतो आणि ते आणखी लंघन करतात. लोंबणारी त्वचा पाहून लाजणारेही असतात. याची पूर्वकल्पना कोणी दिलेली नसते.

वजन पुन्हा वाढले की रुग्ण स्वतःस दोषी मानतो. येथे शरीराचा पक्ष समजावून सांगावा. १९९४ साली शोध लागलेले लेप्टिन हे मेदातून स्रवणारे द्रव्य वजन घटताच कमी होते व भूक वाढते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन घटवल्यानंतर वर्षभरानेही भुकेशी संबंधित हे बदल टिकून असल्याचे आढळले. सुश्रुतांनी मेदक्षयाच्या लक्षणांत स्निग्ध मांसाची इच्छा सांगितली आहे, तिचा अर्थ येथे उलगडतो. शरीर गेलेले परत मागत असते. तो रुग्णाचा लबाडपणा नव्हे.

सामाजिक परिणाम

आपल्या समाजात जेवणाचा आग्रह हे प्रेमाचे रूप आहे. हळद, बारसे, नारळी पौर्णिमा यांपैकी कोठेही ताट नाकारणे म्हणजे माणूस नाकारणे, असा अर्थ घेतला जातो. त्यामुळे पथ्य पाळणारी व्यक्ती हळूहळू पंक्तीतून, मग घरगुती समारंभांतूनच दूर होते. पाटल्या, अंगठ्या सैल होतात, पोलकी उसवून पुन्हा शिवावी लागतात. हा खर्चही लहान नसतो. कोणी कौतुक करते, कोणी हेवा करते. पूर्वी ज्यांनी ढुंकून पाहिले नाही ते आता आदराने बोलू लागतात, याचेही काहींना सुखापेक्षा दुःखच अधिक होते.

आणि एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘काय हो, शुगर झाली का? टीबी तर नाही ना?’ मानखुर्द, गोवंडी, चित्ता कॅम्प, ट्रॉम्बे या पट्ट्यात क्षयाने गाजलेली घरे गल्लोगल्ली आहेत. येथे बारीक होणे म्हणजे सौंदर्य नव्हे, संशय. उपवर मुलींना तर तो प्रश्न फार लागतो. मीही रुग्णांना ‘लोक काय, दोन्हीकडून बोलतात’ असे सांगून समजूत घालीत असे.

आता ती हकिगत. कोळीवाड्यातील एक मासे विकणारी भगिनी गुडघेदुखीसाठी माझ्याकडे आली. वय ४६, वजन ७८ किलो. यव, कुळीथ, त्रिफळा गुग्गुळ व सकाळचे चालणे यांवर तीन महिन्यांत तिचे सहा किलो वजन उतरले, गुडघ्यांसही आराम पडला. पुढील दोन महिने लग्नसराईचे होते. पथ्य सुटले, चालणेही बंद झाले. तरी आणखी पाच किलो उतरले. मी केसपेपरवर ‘उत्तम उपशय’ असे लिहिले व तिचे अभिनंदन केले. शेजारणी टीबीचे विचारतात म्हणून ती डोळ्यांत पाणी आणून सांगत होती. मी हसून तो विषय टाळला. भूक मंदावली आहे हे तिने सांगितले, तेही मी औषधाच्या खात्यावर जमा केले. पुढच्या महिन्यात खोकला व रात्रीचा घाम सुरू झाल्यावर क्ष-किरण व थुंकीची तपासणी झाली. फुफ्फुसाचा क्षय होता. सहा महिन्यांच्या औषधांनी ती बरी झाली, आज बाजारात बसते. परंतु त्या दोन महिन्यांत तिच्या घरात दोन लहान नातवंडे होती, हे मी विसरू शकत नाही. शेजारणींनी विचारलेला प्रश्न वैद्याने विचारावयास हवा होता.

पथ्य सुटले असता वजन वाढावयास हवे. ते उतरत राहिले तर तो उपशय नसून व्याधीचे लक्षण आहे. प्रयत्नांवाचून सहा ते बारा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक वजन घटल्यास क्षय, प्रमेह, अवटु ग्रंथीची अतिक्रिया व अर्बुद यांचा शोध घेतलाच पाहिजे. अतिलंघनाच्या यादीतील क्षुधानाश येथे मार्गदर्शक ठरतो. पथ्याने कृश होणाऱ्यास भूक लागते. व्याधीने कृश होणाऱ्याची भूक पुष्कळदा मरते.

चिकित्सक व औषध विक्रेते यांचे कर्तव्य

चिकित्सकाने प्रत्येक भेटीत वजनाबरोबर कंबरेचा घेर, रक्तदाब, भूक, झोप, बल व मनाची स्थिती नोंदवावी. वेग आठवड्यास अर्धा ते एक किलो इतकाच ठेवावा. चालू औषधांची यादी दर महिन्यास पाहावी. एकदा तरी घरातील माणसास बरोबर बोलवावे, म्हणजे आग्रहाचा प्रश्न सुटण्यास मदत होते.

औषध विक्रेत्यांची जबाबदारीही तितकीच आहे. १९५४ च्या औषधी व जादुई उपाय कायद्याच्या परिशिष्टात स्थौल्याचा समावेश असल्याने ते बरे करण्याच्या दाव्याची जाहिरात दुकानात लावता येत नाही. ‘वनस्पतिजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत सिब्युट्रामिन हे हृदयास घातक ठरल्याने २०१० साली अमेरिका व युरोपातील बाजारातून काढून घेतलेले रसायन मिसळलेले अनेक देशांत आढळले आहे. अनोळखी उत्पादकाचा ‘चमत्कारी’ माल ठेवू नये. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड व जून २०२५ मध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने भारतात आली; ती चिठ्ठीवाचून देऊ नयेत. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश परत येते, हे २०२२ सालच्या अभ्यासावरून ज्ञात आहे.

वजन घटवण्याचे औषध मागणाऱ्यास, किंवा घटल्याचा आनंद सांगणाऱ्यास, दुकानदाराने तीन प्रश्न विचारावेत : वजन ठरवून कमी केले की आपोआप झाले? खोकला, ताप वा रात्रीचा घाम आहे का? मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू आहे का? संशय वाटल्यास पालिकेच्या दवाखान्याकडे पाठवावे. तेथे क्षयाची तपासणी व औषधे विनामूल्य आहेत. क्षयरुग्णाची माहिती कळवणे खासगी आरोग्यसेवकांस २०१२ पासून व औषध विक्रेत्यांस २०१८ पासून बंधनकारक आहे. निक्षय पोषण योजनेखाली २०१८ पासून मिळणारे दरमहा ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत, हेही रुग्णास सांगावे.

तात्पर्य, वजन उतरणे ही चिकित्सेची समाप्ती नव्हे. ते का उतरले, किती वेगाने उतरले आणि त्या माणसाचे मन प्रसन्न आहे की नाही, या तीन गोष्टी पाहिल्यावाचून ‘उपशय’ हा शब्द लिहू नये. मी तो एकदा घाईने लिहिला. आपल्यापैकी कोणावर तशी वेळ येऊ नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.