क्रोशाच्या फुलाची मजुरी

आपल्या वस्तीतल्या कोणत्याही घरात पाऊल टाका. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरी दिसतील आणि तसबिरीखालच्या फळीवर पांढऱ्याशुभ्र दोऱ्याचा विणलेला रुमाल दिसेल. दाराला तोरण असेल. पूर्वी रेडिओवर झालर असायची, मग ती टीव्हीवर आली आणि टीव्ही भिंतीला चिकटला तेव्हा ती मिक्सरवर जाऊन बसली. लग्नाच्या रुखवतात तर क्रोशाचा टेबलक्लॉथ मांडल्याशिवाय मुलीच्या आईचे समाधान होत नाही. या सगळ्या विणकामात एक फूल हमखास भेटते. मधोमध बारीक पाकळ्या, त्यांच्या मागून डोकावणाऱ्या थोड्या मोठ्या आणि त्यांच्याही मागे आणखी मोठ्या, असे ते तीन थरांचे फूल. आपल्याकडे त्याला नुसते 'उठावाचे फूल' किंवा 'गुलाब' म्हणतात. जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्याचे नाव 'आयरिश गुलाब' असे आहे.

विणकाम म्हणजे रिकामपणचा उद्योग, घरात बसून खाणाऱ्या बायकांची हौस, असा आपल्यातल्या पुष्कळ पुरुषांचा आणि काही कार्यकर्त्यांचाही समज आहे. त्यांनी या फुलाची जन्मकथा ऐकावी.

आयर्लंड हा इंग्लंडच्या शेजारचा लहानसा देश. तेव्हा तो इंग्रजांच्याच ताब्यात होता. जमीन बड्या जमीनदारांची, कसणारा गरीब कुळवाडी, आणि त्याचे पोट बटाट्यावर. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. पुढची काही वर्षे पीक पुनःपुन्हा सडत गेले. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली, तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. सरकारने काय केले? रस्त्याची कामे काढली. उपाशी माणसांना खडी फोडायला बसवले.

येरमाळ्याच्या आणि आसपासच्या गावांतल्या सत्तरी ओलांडलेल्या बायांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. १९७२ च्या दुष्काळात त्याही खडी फोडायला बसल्या होत्या. हातोडीने सोललेली बोटे आणि पदरात घेतलेली सुकडी त्यांच्या ध्यानात आहे. त्या दुष्काळातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली आपल्या राज्यात झाला, हेही नव्या पिढीने लक्षात ठेवावे.

आयर्लंडच्या त्या दुष्काळात कॉर्क भागातल्या मठांतील जोगिणींनी गरीब बायका-मुलींच्या हाती क्रोशाची सुई दिली. क्लोन्स नावाच्या गावी धर्मगुरूच्या पत्नी कॅसान्ड्रा हँड यांनी १८४७ मध्ये शिकवणारी बाई आणवून कामाला सुरुवात केली. भांडवल फारसे लागत नव्हते. एक सुई आणि एक रीळ. खरी लेस विणायला महिनेन् महिने लागायचे, क्रोशाने तशीच दिसणारी वस्तू फार कमी वेळात व्हायची आणि ती शहरातल्या श्रीमंतांच्या कॉलरवर, बाहीवर जाऊन बसायची. एकेका घराने एकेक नमुना धरला. कोणी गुलाब करी, कोणी पान, कोणी द्राक्षांचा घोस. आपला नमुना शेजारणीला दिसू नये म्हणून लपवूनही ठेवत, कारण त्यावर घरची चूल पेटत होती. सुटी फुले गोळा करून जाळीत गुंफण्याचे काम दुसऱ्या बायका करीत. म्हणजे हे फूल उपाशी घरातून बाहेर पडले आहे. हौस मागाहून आली.

आता नमुन्याकडे वळू. माझ्याकडचा नमुना एका जुन्या इंग्रजी पुस्तकाच्या सुट्या पानावरचा आहे. बार्शीच्या रद्दीत ते पान मिळाले. पान वाचताना पहिली अडचण भाषेची नाही, टाक्यांच्या नावांची आहे. इंग्लंडच्या पुस्तकात ज्याला 'डबल क्रोशे' म्हणतात त्याला अमेरिकेच्या पुस्तकात 'सिंगल' म्हणतात, आणि इंग्लंडचा 'ट्रेबल' तो अमेरिकेचा 'डबल'. एकच शब्द, दोन टाके! हल्ली मुली मोबाइलवर बघून शिकतात. तिथले बरेचसे नमुने अमेरिकी पद्धतीचे असतात. तीच सवय घेऊन जुने पान वाचले की पाकळीच्या कडेला बुटका टाका हवा तिथे उंच टाका पडतो. पाकळीला उतार मिळत नाही आणि फूल कोबीसारखे फुगते. ओळखण्याची खूण सोपी आहे. पानावर 'हाफ ट्रेबल' लिहिले असेल तर नमुना इंग्लंडचा, 'हाफ डबल' असेल तर अमेरिकेचा.

आपले मराठी शब्द यापेक्षा कितीतरी बरे. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. सुईवर आधी दोरा न घेता घातलेला बुटका टाका तो मुका खांब. दोरा घेऊन दोन-दोन घर सोडवत पुरा केला तो खांब. दोरा घेऊन तिन्ही घरे एकदम सोडवली की अर्धा खांब. गोंधळाला जागाच नाही.

फूल सहा पाकळ्यांचेही होते, पण टेबलक्लॉथसाठी चौकोन पाडायचा असेल तर आठ पाकळ्या धराव्यात. एक सोडून एक असे चार कोपरे बरोबर मिळतात. (विहारातल्या टेबलासाठी विणणाऱ्या भगिनी आठ पाकळ्यांना अष्टांगिक मार्ग म्हणतात. म्हणू द्या, त्या निमित्ताने आठही अंगे मुलांना पाठ होतात.)

आठ साखळ्या घालून त्यांचे कडे करा. मग सहा साखळ्या घाला. यातल्या तीन म्हणजे पहिला खांब, उरलेल्या तीन म्हणजे मोकळी जागा. पुढे कड्यात एक खांब, तीन साखळ्या, असे सात वेळा करून सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीला जोडा. आठ खिडक्या झाल्या. प्रत्येक खिडकीत एक मुका खांब, एक अर्धा, तीन खांब, एक अर्धा, एक मुका. हा पाकळ्यांचा पहिला थर.

दुसऱ्या थराची मेख मागच्या बाजूला आहे आणि नवशिक्या मुली इथेच सुई खाली ठेवतात. पाकळ्या अंगठ्याने आपल्याकडे वाकवा. पाच साखळ्या घाला आणि पहिल्या फेरीतल्या उभ्या खांबाला मागून विळखा घालून मुका खांब करा. असे आठ वेळा. पाकळ्यांच्या पाठीशी आठ कमानी तयार होतात, समोरून त्या दिसत नाहीत. या कमानींत एक मुका, एक अर्धा, पाच खांब, एक अर्धा, एक मुका. तिसऱ्या थराला हेच करायचे, फक्त कमान सात साखळ्यांची, विळखा मागच्या कमानीच्या मुक्या खांबाला आणि पाकळीत सात खांब. चौकोनासाठी पुन्हा मागून आठ साखळ्यांच्या आठ कमानी घाला. एका कमानीत चार खांब, तीन साखळ्या, चार खांब, हा कोपरा. पुढच्या कमानीत नुसते सहा खांब. असे आळीपाळीने. मूळ आयरिश बायका जाड दोरी आत धरून तिच्यावरून टाके घालीत, त्याने फुलाला भरीव उठाव येई. आपल्या जाड दोऱ्याला त्याची गरज पडत नाही. रिळावरचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, एवढे दुकानात ध्यानात ठेवा.

मी कारकुनी करणारी बाई, आकडे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. पाकळ्यांचे टाके मोजा. पहिल्या थरात छप्पन्न, दुसऱ्यात बहात्तर, तिसऱ्यात अठ्ठ्याऐंशी. एका फुलाच्या नुसत्या पाकळ्यांचे २१६ टाके झाले. साखळ्या आणि चौकोन वेगळे. सहा बाय सहाचा लहानसा टेबलक्लॉथ धरला तर ३६ फुले, म्हणजे पाकळ्यांचेच ७,७७६ टाके. सरावाच्या हाताला फूल, चौकोन आणि जोडणी मिळून एक तास लागतो असे समजू. छत्तीस तास. आठ तासांचा दिवस धरला तर साडेचार दिवस होतात.

आता आपल्या शिवारात खुरपणीचा जो रोज चालू असेल तो साडेचारने गुणा. त्यात दोऱ्याचे पैसे मिळवा, कळंब किंवा बार्शीला जाऊन दोरा आणला असेल तर एस.टी.चे भाडेही मिळवा. जो आकडा येईल तो त्या टेबलक्लॉथचा खर्च. नफा अजून धरलेलाच नाही. आणि प्रत्यक्षात काय होते? "ताई, तुम्हाला काय, टीव्ही बघता बघता होतं," असे म्हणून दोऱ्याच्या किमतीवर थोडे टेकवतात. जवळच्याच एका गावातल्या भगिनीला दोन दारांची तोरणे विणल्याबद्दल ब्लाउजपीस आणि नारळ मिळाला. नारळ तिने घेतला. काय करणार!

बीसी-भिशीचा हिशेब पैशापर्यंत करणाऱ्या आपल्या बायका इथे मात्र गप्प बसतात. सोलापूरकडे विडी वळणाऱ्या बाईला हजारी विड्यांचा भाव असतो, तो वाढवून मागायला ती मोर्चा काढते. ती घरी बसूनच काम करते, तरी तिला कोणी 'हौशी' म्हणत नाही.

आंध्रातील नरसापूरची हकीकत या बाबतीत फार बोलकी आहे. १८४४ च्या सुमारास स्कॉटलंडहून आलेल्या मॅक्रे नावाच्या मिशनरी दांपत्याने गोदावरीकाठच्या या भागात बायकांना लेस शिकवली. शिकणाऱ्या पहिल्या बायका धर्मांतर केलेल्या माला-मादिगा समाजाच्या होत्या. आपल्याकडे जसे महार-मांग, तसे तिकडे माला-मादिगा. पुढे धंदा वाढला, कापू या शेतकरी जातीच्या बायकाही त्यात आल्या, माल परदेशी जाऊ लागला. मारिया मीस या जर्मन संशोधिकेने तिथे राहून अभ्यास केला आणि १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. तिला आढळले की बायका घरकाम सांभाळून दिवसाला सहा ते आठ तास विणतात, आणि मजुरी मात्र नगण्य. कारण सगळ्यांनी, त्या बायकांनीही, मानून घेतले होते की आपण मजूर नाही, गृहिणी आहोत आणि हे फावल्या वेळचे काम आहे. दलाल पुरुष, व्यापारी पुरुष, निर्यातदार पुरुष. सुई तेवढी बाईच्या हाती. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशाच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. ते मानांकन विणणारीच्या ताटात किती उतरते, तेही बघायला हवे.

फेब्रुवारी १९४१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली होती. स्वतः बाबासाहेब तिला आले होते. वतन म्हणजे गावाचे पडेल ते काम करायचे आणि मोबदला ठरलेला नाही. बलुते मिळेल ते घ्यायचे. त्या बंधनातून बाबासाहेबांनी आपल्या आज्यापणज्यांना बाहेर काढले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. किमान वेतनाचे विधेयक त्याच काळात, एप्रिल १९४६ मध्ये मांडले गेले आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. त्या कायद्याने कामगाराच्या व्याख्येत घरी माल नेऊन काम करून देणाऱ्यालाही धरले होते. तयार करणे, सजवणे, दुरुस्त करणे, असली कामे त्यात स्पष्ट लिहिली होती. कायदा यादीतल्या उद्योगांपुरता होता आणि शेजारणीने सांगितलेल्या तोरणाला तो लागत नव्हता, हे खरे. २०१९ च्या वेतन संहितेत तो आता सामावला गेला आहे. पण घरात बसून केलेले काम हेही कामच, हे कायद्याच्या पुस्तकात इतक्या आधी आले आहे आणि आपल्या ओसरीवर अजून यायचे आहे.

म्हणून सांगणे एवढेच की काम घेताना भाव फुलावर ठरवा, नगावर नाही. एक फूल विणून दाखवा, समोर बसवून विणा म्हणजे वेळ दिसतो. दोऱ्याचे पैसे आधी घ्या. वस्तीत चार-पाच जणी विणणाऱ्या असतील तर सगळ्यांनी एकच भाव सांगा. एकीने पाडला की सगळ्यांचा पडतो. बचत गटाच्या वहीत विणकामाचे तास लिहायला एक रकाना आखा. मशीनची तोरणे बाजारात स्वस्त मिळतात, त्यांच्याशी किमतीत झुंजू नका. फूल उलटे करून दाखवा. मागच्या कमानी हातानेच घालाव्या लागतात आणि जाणती बाई ते लगेच ओळखते.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. सोयाबीनच्या काढणीनंतर हाताला बारीक चिरा पडलेल्या असतात, त्यात पांढरा दोरा अडकतो आणि मळतो. त्या दिवसांत रात्री हाताला खोबरेल तेल चोळून झोपावे, सकाळी हात साबणाने स्वच्छ धुऊन मगच सुई धरावी, आणि रीळ पिशवीत ठेवून दोरा पिशवीच्या तोंडातून ओढावा. विणून झाल्यावर रुमाल कोमट पाण्यात भिजवून हलक्या हाताने दाबून धुवावा, पिळू नये. साबुदाण्याची पातळ खळ करून ती गाळून घ्यावी, नाहीतर गुठळ्या जाळीत बसतात. खळीतून काढलेला रुमाल उशीवर पसरून कडेने टाचण्या लावाव्यात, एकेक पाकळी बोटाने उचलून ठेवावी आणि सावलीत वाळू द्यावे. इस्त्री फिरवाल तर तिन्ही थर एकमेकांना चिकटतील.