मालवणचा एक मुक्काम

पणजीची वैद्यकीय परिषद आटोपून जानेवारी २०२३ मध्ये आम्ही उभयता इंदूरला परत निघालो, तेव्हा वाटेत मालवणला एक रात्र राहायचेच, अशी सौ.ची अट होती. पत्रादेवीला गोव्याची हद्द संपते, सावंतवाडीचा फाटा मागे पडतो आणि कुडाळहून डावीकडे वळले की रस्ता काजूच्या बागांमधून समुद्राकडे उतरू लागतो. परिषदेतील सहकाऱ्यांना आम्ही सांगितले की सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा आहे. ते खोटे नव्हते. परंतु खरे कारण होते बांगडा.

सौ.चे आजोळ मालवणचे, धुरीवाड्यातले. ती वाढली गिरगावात, पण मे महिन्याची प्रत्येक सुट्टी मालवणात गेलेली. १९८६ साली ती आमच्या घरी आली. आमचे घर इंदूरचे जुने देशस्थ. चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. घरात मासे शिजणार नाहीत हे तिने लग्नाआधीच मान्य केले होते. बाहेर खाण्यास मात्र कोणाची हरकत नव्हती. अर्थात समुद्रापासून इतक्या दूर बाहेर तरी काय मिळणार? रोहू, कटला ही गोड्या पाण्यातली मासळी, आणि क्वचित बर्फातून आलेला बांगडा किंवा सुरमई.

१९९१ च्या उन्हाळ्यात एका स्नेह्यांकडे असाच बांगडा जेवणात होता. जेवून अर्धा तास झाला नाही तोच सौ.चा चेहरा लालबुंद झाला, अंगावर गांधी उठल्या, डोके ठणकू लागले, छातीत धडधडू लागले. मी तत्काळ अँटिहिस्टामिनचे इंजेक्शन दिले; दोन तासांत सारे ओसरले. घरी आल्यावर तिच्या वैद्यकीय फाइलवर लाल शाईने लिहिले, ‘माशांची ॲलर्जी. आजन्म वर्ज्य.’ खाली ऐटीत सही केली.

त्या रात्री दोन गोष्टी माझ्यासमोर घडल्या होत्या. पहिला घास घेताच सौ. म्हणाली होती, “जिभेला मिरी लागल्यासारखं झोंबतंय.” आणि आणखी दोघा पाहुण्यांनीही डोके दुखते, चेहरा तापतो अशी तक्रार केली होती. ती मी मे महिन्याच्या उकाड्यावर ढकलली. पत्नीचा वैद्य होताना माणूस एक तर फार घाबरतो किंवा फार शहाणा होतो. मी दोन्ही झालो होतो.

२०२२ मध्ये माझ्या दवाखान्यात एकाच कुटुंबातील चौघे आले. लग्नाच्या जेवणात मासे खाल्लेले, चौघांचेही चेहरे लाल, अंगावर गांधी. चार माणसांना एकाच संध्याकाळी माशांची ॲलर्जी होत नाही. ही स्काँब्रॉइड विषबाधा, हे तेव्हा मला सुचले. आणि त्याच क्षणी १९९१ ची ती रात्र डोळ्यांसमोर उभी राहिली.

आपल्या वाचकांत वैद्यकाबाहेरील मंडळीही आहेत, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. बांगडा, सुरमई, कुपा ह्या एकाच कुळातल्या मासळीच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासळी पकडल्यावर लगेच पुरेशी थंड ठेवली नाही, तर जिवाणू त्याचे हिस्टामिन बनवतात. एकदा ते तयार झाले की नंतर बर्फात ठेवा, तळा किंवा उकळा, ते नष्ट होत नाही. वासावरून, दिसण्यावरूनही नेहमी कळत नाही. ॲलर्जीत शरीर स्वतःच हिस्टामिन सोडते. येथे ते ताटातूनच पोटात जाते. लक्षणे इतकी सारखी की गफलत सहज होते. फरक एवढाच की ॲलर्जी खाणाऱ्यात असते आणि हा दोष त्या विशिष्ट मासळीत. ‘तुमच्याबरोबर आणखी कोणाला त्रास झाला का?’ ह्या एका प्रश्नाने निदानाची दिशा बदलते. तो मी विचारलाच नव्हता. विचारायची गरजही नव्हती. उत्तर न विचारता समोर आले होते.

त्या रात्री घरी सांगितले. सौ. मेथी निवडत होती. “म्हणजे मी एकतीस वर्षं उगाचच...” इतकेच म्हणाली आणि पुन्हा निवडू लागली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते.

अनुमानावर पुन्हा निर्णय नको म्हणून ह्या विषयातील एका सहकाऱ्याकडे रीतसर तपासण्या करवल्या. त्वचेची चाचणी आणि रक्तातील आयजीई, दोन्हींत काही निघाले नाही. मग रुग्णालयात, सर्व तयारी ठेवून, उकडलेला बांगडा कणाकणाने वाढवत देऊन पाहिला. काहीही झाले नाही. स्टीलच्या ट्रेमधला तो फिकट तुकडा संपवून ती म्हणाली, “डॉक्टर, ह्याला मासे खाणं म्हणत नाहीत.”

मालवणला पोहोचेपर्यंत किल्ल्याच्या होड्या बंद झाल्या होत्या. धक्क्यावरून कुरटे बेटावरचा तट काळा होत जाताना पाहिला आणि खानावळीत शिरलो. लाकडी बाके, सहा-सात टेबले. मालकीणबाईंनी आपणहून सांगितले, “बांगडो आजचोच आसा, सकाळी रापणीत गावलो.” रापण म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे मोठे जाळे, मासळी तेथल्या तेथे वाळूवर येते. माझ्या हिस्टामिनला ह्याहून चांगले उत्तर कोणते? तरीही पिशवीतली ॲड्रेनॅलिनची ॲम्प्यूल आणि सिरिंज मी दोनदा चाचपून पाहिली.

“माजा आजोळ हयचाच, धुरीवाड्यात,” सौ. म्हणाली. “खूप वर्सांनी इलंय मी.” छत्तीस वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून मालवणी मी प्रथमच ऐकली.

ताट आले. तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले, रव्यात घोळवून तळलेली सुरमईची तुकडी, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. माझ्यापुढे डाळ-भात आणि तीच सोलकढी. सौ.ने तिखल्याचा पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मी घड्याळ पाहिले : आठ वाजून दहा मिनिटे.

“झोंबतंय का?” मी विचारले.

“झोंबणारच! तिरफळं आहेत.” मग माझा चेहरा पाहून ती हसली. “तसं नाही हो. जेवा तुम्ही.”

मी जेवलो नाही, तिच्या गालांकडे पाहत राहिलो. काटा ओठांतून अलगद बाजूला काढण्याची तिची हातोटी मी कधी पाहिलीच नव्हती. मालकीणबाईंनी न विचारता दुसरा बांगडा वाढला. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. गालांवर लाली नव्हती. डोळ्यांत पाणी होते, ते तिखल्याचे असे ती म्हणाली.

रात्री लॉजवर मी दोनदा उठून तिची नाडी पाहिली. दुसऱ्या वेळी अंधारातूनच आवाज आला, “अहो, झोपू द्या ना.”

सकाळी पहिल्या होडीने किल्ल्यावर गेलो. १६६४ साली शिवाजी महाराजांनी ह्याचे बांधकाम सुरू केले. चहूकडे खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव ह्या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. सौ.चे लक्ष मात्र किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांकडे होते. परतल्यावर ती तडक बाजारात गेली. आमसुले, तिरफळे आणि घट्ट बांधलेले एक पुडके घेऊन आली.

“हे काय?”

“सुकट,” ती म्हणाली.

कुडाळहून मुंबई आणि तेथून अवंतिका. पुडके तीन पिशव्यांत गुंडाळले होते, तरी रतलामपर्यंत समोरच्या बाकावरचे गृहस्थ आमच्याकडे संशयाने पाहत होते. वास कसला, असे त्यांनी अखेर विचारलेच.

“आमचा आहे,” मी म्हटले.