वाड्यातली सहा बिऱ्हाडं

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, चहाला उकळी फुटायच्या आत, मी सहा ब्लॉग पाडतो आणि पुन्हा उभे करतो. मावशीचा पाककृतींचा, एका निवृत्त भूगोल शिक्षकांचा, ट्रेकला जाणाऱ्या मित्रांचा आणि आणखी तिघांचे. एका आज्ञेसरशी सगळे खाली येतात, दुसरीसरशी मिनिटभरात सगळे वर, तेही ब्लॉग चालवणाऱ्या नव्या कोऱ्या वर्डप्रेससकट. मावशीच्या अळूच्या फदफद्याला धक्काही लागलेला नसतो.

पूर्वी याच कामात माझी रात्र जायची. सहाही ब्लॉग एकाच भाड्याच्या यंत्रावर, वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीच्या एकाच आवृत्तीवर, एकमेकांच्या पायात पाय घालून चालायचे. डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७ आलं आणि त्यातून डेटाबेसशी बोलायची जुनी फंक्शनं काढून टाकण्यात आली. ट्रेकवाल्यांना नवं पीएचपी हवं होतं, कारण ते वेगवान होतं. शिक्षकांच्या थीममध्ये नेमकी ती जुनी फंक्शनं होती. नवं घातलं तर सरांचं पान कोरं, जुनं ठेवलं तर मित्रांची कुरकुर. दोघांनाही दोष देण्यात अर्थ नव्हता. एका चुलीवर दोघांचा स्वयंपाक मांडला होता, तो मीच.

पुण्याच्या पेठेतला जुना वाडा ज्यानं पाहिला आहे त्याला यावरचा तोडगा, म्हणजे कंटेनर, समजायला फार वेळ लागत नाही. पाया एक, बाहेरची भिंत एक, आड एक. आत बिऱ्हाडं मात्र वेगळी, प्रत्येकाची चूल वेगळी आणि कुलूपही वेगळं. त्याआधी ज्याची चलती होती ते व्हर्च्युअल मशीन म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र बंगला. प्रत्येकाची आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम निराळी, म्हणून सुरू व्हायला वेळ आणि मेमरीला खार. कंटेनरमध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सगळ्यांत मिळून एकच असतो. तोच आमचा आड. त्याचा तोटाही उघड आहे. आडात काही पडलं तर ते पाणी सगळ्या वाड्याला, म्हणून कर्नलच्या सुरक्षेचे अपडेट मी रविवारची वाट न बघता घालतो.

ही युक्ती अंगठी फिरवावी तशी एका दिवसात निघाली नाही. १९७९ च्या युनिक्समध्ये 'सीएचरूट' नावाची सोय होती. एखाद्या प्रोग्रॅमला सांगायचं, हा फोल्डर म्हणजेच तुझं सगळं जग. २००० मध्ये फ्रीबीएसडीनं ती पक्की करून तिला सरळ 'जेल' म्हटलं. लिनक्समध्ये पुढे दोन गोष्टी जमून आल्या. नेमस्पेस ठरवतात की बिऱ्हाडकरूला काय दिसावं. आतल्या प्रोग्रॅमला वाटतं की या यंत्रावर आपणच पहिले, आपला क्रमांक एक. सीग्रुप ठरवतात की त्यानं किती हंडे पाणी उपसावं, म्हणजे किती मेमरी आणि किती प्रोसेसर. सीग्रुपचं काम २००६ मध्ये गूगलच्या इंजिनिअरांनी सुरू केलं आणि जानेवारी २००८ च्या कर्नलमध्ये ते आलं. सामान सगळं तयार होतं, पण ते जोडून वापरणं माझ्यासारख्या हौशी माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं.

मार्च २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराला भरलेल्या पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स या तरुणानं पाच मिनिटांच्या छोट्या भाषणात हे सामान जोडून देणारं डॉकर दाखवलं. तो डॉटक्लाउड या कंपनीचा. ते हत्यार इतकं चाललं की त्याच वर्षी कंपनीनं स्वतःचं नाव बदलून डॉकर ठेवलं.

डॉकर म्हणजे गोदी कामगार. या नावापाशी मी दरवेळी थोडा अडखळतो. जहाजावरच्या लोखंडी कंटेनरची गोष्ट २६ एप्रिल १९५६ पासून सांगतात. माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्यानं 'आयडियल एक्स' या बोटीवर ५८ पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला धाडल्या तो दिवस. तोवर गोण्या, पिंपं, खोकी माणसं पाठीवरून चढवत. पेटी एका मापाची झाली, कोपऱ्यांच्या खाचा एकसारख्या झाल्या, आणि आत काय आहे हे क्रेनला कळायची गरज उरली नाही. गोदी कामगाराचीही उरली नाही. मुंबईच्या गोद्यांनी हे पाहिलं आहे. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि पेट्यांचा धंदा तिकडे वळला. ज्या पेटीनं गोदी कामगाराचं काम नेलं, तिच्याच नकलेला गोदी कामगाराचं नाव मिळालं. पण क्रेनची ती गोष्ट इथेही लागू आहे. माझ्या यंत्राला पेटीत वर्डप्रेस आहे की आणखी काही, याचं सोयरसुतक नसतं. चालू कर, थांबव, फेकून दे, एवढंच त्याला कळतं.

पेटीच्या आत मात्र डोकावायला हवं, कारण माझी सगळी भांडणं तिथलीच. कंटेनर ज्यापासून घडतो ती इमेज म्हणजे एकावर एक ठेवलेले थर. खाली डेबियन हे लिनक्स, त्यावर पीएचपी, त्यावर वर्डप्रेस. हे थर कोणालाही बदलता येत नाहीत. म्हणून सहा ब्लॉग एकाच इमेजवरून चालले तरी डिस्कवर ती एकदाच असते. कंटेनर सुरू झाला की सगळ्यांच्या वर एक कोरी पाटी ठेवली जाते आणि आतला प्रोग्रॅम जे काही लिहील ते त्या पाटीवर उमटतं. कंटेनर काढून टाकला की पाटीही गेली. नव्या माणसाला हा दोष वाटतो. मलाही वाटला होता. पण या सगळ्या कारागिरीचा जीव त्या पाटीतच आहे. ती पुसली जाणार हे ठाऊक असल्यामुळे आधीच ठरवावं लागतं की यातलं टाकायचं काय आणि जपायचं काय. जपायचं ते व्हॉल्यूममध्ये, म्हणजे पेटीबाहेरच्या जागेत ठेवायचं आणि पेटीला फक्त तिथवरची वाट द्यायची.

माझा सगळा वाडा एका मजकुराच्या फाइलीत मावतो. कम्पोज फाइल. कोणती इमेज, कोणती आवृत्ती, कोणाला किती मेमरी, कोणाचं सामान कुठे, सगळं ओळीनं लिहिलेलं. समासाची एक जागा चुकली तर ती वाचायलाच नकार देते, इतकी कर्मठ. आवृत्तीच्या जागी 'लेटेस्ट' लिहायचा मोह होतो, तो टाळावा. आजचं लेटेस्ट आणि सहा महिन्यांनंतरचं लेटेस्ट या दोन वेगळ्या वस्तू असतात, आणि फरक कळतो तो नेमका घाईच्या दिवशी. डेटाबेसचा पत्ता 'लोकलहोस्ट' असा लिहून अर्धा दिवस घालवलेले माझ्याखेरीज पुष्कळ असतील. पेटीच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तिची स्वतःचीच खोली. शेजारच्या बिऱ्हाडाला नावानं हाक मारावी लागते. फाइलीत डेटाबेसचं नाव 'डीबी' असेल तर पत्ताही 'डीबी', डॉकर ते नाव बरोबर पोहोचवतं.

वाड्याला देवडी लागते. बाहेरून येणारा प्रत्येक जण ८० किंवा ४४३ क्रमांकाच्या दारानं येतो, कोणाकडे जायचं ते सांगतो आणि देवडीवरचा त्याला त्या खोलीशी सोडतो. या जागी वर्षानुवर्षं एन्जिनएक्सचा दबदबा आहे. एकाच वेळी दहा हजार पाहुणे कसे सांभाळावेत या प्रश्नावर तोडगा म्हणून इगोर सिसोयेव या रशियन अभियंत्यानं ते लिहिलं आणि २००४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. माझ्या देवडीवर मात्र कॅडी आहे. मावशीकडे दहा हजार पाहुणे एका वेळी येत नाहीत, आणि कॅडी सुरक्षित जोडणीच्या कुलपाचं प्रमाणपत्र स्वतःच आणतं, स्वतःच नवं करतं. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेनं डिसेंबर २०१५ पासून ही प्रमाणपत्रं सगळ्यांना फुकट द्यायला सुरुवात केली. मुदत ९० दिवसांची, त्यामुळे हे काम माणसाच्या आठवणीवर सोडून चालत नाही.

इथेच माझी पहिली फजिती झाली. प्रमाणपत्रं कॅडीच्या पेटीतच राहू दिली होती, त्या पुसल्या जाणाऱ्या पाटीवर. एका संध्याकाळी कॉन्फिगरेशन जुळवताना पेटी सहा-सात वेळा पाडून उभारली. दरवेळी कॅडी इमानदारीनं नवं प्रमाणपत्र मागत राहिलं. त्याच नावांसाठी सात दिवसांत पाच, ही लेट्स एन्क्रिप्टची मर्यादा. सहाव्यांदा नकार आला आणि शिक्षकांच्या ब्लॉगवर येणाऱ्यांना ब्राउझरची लाल पाटी दिसू लागली.

दुसरी फजिती जास्त महाग पडली. पुष्कळ आज्ञांना 'व्ही' जोडलं की त्याचा अर्थ 'जरा सविस्तर सांग' असा होतो. कम्पोज पाडण्याच्या आज्ञेला 'व्ही' जोडलं की त्याचा अर्थ 'व्हॉल्यूमसकट पाड'. मला सविस्तर हवं होतं. डॉकरनं काही विचारलं नाही, पाडलं. बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा होता. मधल्या अकरा दिवसांत ट्रेकवाल्या मित्रानं हरिश्चंद्रगडावर लांबलचक लिहिलं होतं, ते गेलं. त्यानं पुन्हा लिहिलं. पहिलं जास्त चांगलं होतं असं तो अजून म्हणतो, आणि खोडून काढायला माझ्याकडे पुरावा नाही. तेव्हापासून डेटाबेसची प्रत रोज रात्री निघते आणि दुसऱ्या यंत्रावर जाते. महिन्याच्या रविवारी मी नव्यानं जी उभारणी करतो ती खरं तर त्या प्रतीची परीक्षा असते.

बाकीच्या खोड्या थोडक्यात सांगतो. डॉकर पेटीचं एखादं दार बाहेर उघडतं तेव्हा फायरवॉलच्या नेहमीच्या नियमांना बगल देऊन उघडतं, म्हणून डेटाबेसचं दार बाहेर उघडूच नये. पेट्यांच्या नोंदवह्यांना मुळात मर्यादा नसते. लॉगिनचं पान ठोठावत बसणाऱ्या रोबोंनी एका उन्हाळ्यात माझी डिस्क भरून टाकली होती. आणि डेटाबेसला काटकसरीनं मेमरी दिली तर तो १३७ हा आकडा मागे ठेवून मरतो. १२८ अधिक ९. नऊ नंबरचा सिग्नल म्हणजे विचारपूस न करता मारणं.

वर्डप्रेस स्वतः या व्यवस्थेत अवघडल्यासारखं वागतं. त्याचा जन्म मे २००३ चा. त्या काळच्या रीतीप्रमाणे प्रोग्रॅम, थीम आणि लोकांनी चढवलेले फोटो त्यात एकाच फोल्डरात गुण्यागोविंदानं राहतात. टाकायचं आणि जपायचं असा भेद त्याच्या घरात नव्हताच, शिवाय ते स्वतःला चालता चालता अपडेट करतं. बरेच जण आख्खा फोल्डर व्हॉल्यूममध्ये ठेवतात. मग इमेज नवी घेतली तरी आत जुनंच वर्डप्रेस बसून राहतं आणि माणूस बुचकळ्यात पडतो. मी थीम, प्लगिन आणि फोटोंचा फोल्डर तेवढा बाहेर ठेवतो. हीही तडजोडच, कारण प्लगिन तर टाकायच्या वस्तूंत मोडायला हवेत.

एवढा व्याप एका ब्लॉगसाठी करावा का? मला विचाराल तर नाही. एकट्यानं लिहिणाऱ्यानं ह्यूगोसारखं हत्यार घ्यावं, साधी पानं तयार करावीत आणि कुठेही ठेवावीत. तिथे डेटाबेसच नाही, मग सांभाळायचं काय? उलट्या टोकाला, सहा ब्लॉगांसाठी अनेक यंत्रांवरच्या पेट्या हाकणारं कुबरनेटीस उभारायचा सल्ला देणारेही भेटतात. बारशाला हत्ती सांगण्यासारखं आहे ते. पेट्यांचा हा वाडा मधल्या माणसांचा. चार-सहा जणांची बिऱ्हाडं सांभाळणाऱ्यांचा, आणि ज्यांच्या मावशीला लिहिण्यासाठी खिडकीवजा चौकट आणि 'प्रकाशित करा' हे बटणच लागतं त्यांचा.

मावशीच्या तक्रारी तशाही पेट्यांबद्दल नसतात. तिच्या जुन्या डेटाबेसमध्ये एका अक्षराला तीन बाइटांचीच जागा होती. देवनागरी अक्षर तीन बाइटांचं, ते बसायचं. इमोजी चार बाइटांचा. तिनं खिरीच्या कृतीत मधेच एक हसरा चेहरा टाकला आणि त्याच्या पुढची सगळी कृती नाहीशी झाली. एप्रिल २०१५ च्या वर्डप्रेसनं ते निस्तरलं. पण पत्त्याचं दुखणं राहिलंच आहे. लेखाच्या पत्त्याला वर्डप्रेस २०० चिन्हांची जागा देतं, आणि पत्त्यात आपल्या एकेका अक्षराची, काना-मात्रेचीही, नऊ चिन्हं होतात. म्हणजे फार तर बावीस. गेल्या आषाढात तिनं 'पावसाळ्यातल्या रानभाज्या' असा लेख टाकला. मी मोजलं. २०८ भरली. शेवटचा काना पत्त्यातून गळाला आणि उरलं 'रानभाज्य'.

रविवारी फोन आला. म्हटलं, मावशी, पत्ता इंग्रजीत लिहू या. नको म्हणाली. मग शीर्षकच आखूड कर, 'पावसाळी रानभाज्या', आरामात बसेल.

"पावसाळी तर आभाळ असतं रे," ती म्हणाली. "आणि भाज्याला काना आहे. तुझा तो डबा दर महिन्याला नवा येतो ना, मग काना कधी येणार?"