गोंदण : पूर्वविचार, कृति आणि निगा

'टॅटू' हा शब्द कानीं पडतांच आपल्या घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते. आणि त्याच घरांतील एखाद्या वृद्ध स्त्रीच्या मनगटावरील तुळस मात्र सर्वांच्या डोळ्यांस इतकी सवयीची असते कीं, ती असल्याचेंही कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. वस्तुतः या दोन्ही गोष्टी एकच होत. अलीकडे शहरांतील तरुण मुलामुलींमध्यें यंत्राऐवजीं हातानें एक एक टिंब टोचून आकृति काढून घेण्याची आवड पुन्हां उत्पन्न झाली आहे. तिला तीं मुलें 'हँडपोक' म्हणतात; मराठींत तिला गोंदण हा शब्द पूर्वींपासूनच आहे. हा प्रश्न आज ना उद्यां आपल्याही माजघरांत निघणार. तो निघाल्यावर नुसतें 'नको' किंवा नुसतें 'चालेल' म्हणून भागत नाहीं. म्हणून या विषयाची साद्यंत माहिती वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही चाल फार प्राचीन आहे. १९९१ सालीं आल्प्स पर्वतांत, ऑस्ट्रिया व इटली यांच्या सीमेवर, बर्फांत टिकून राहिलेलें एका पुरुषाचें प्रेत सांपडलें. तो सुमारें ५,३०० वर्षांपूर्वींचा असून त्याच्या अंगावर गोंदणाच्या ६१ खुणा मोजल्या आहेत. त्यांपैकीं बऱ्याच कंबरेवर, गुडघ्यांजवळ व घोट्यांजवळ असल्यामुळें त्या दुखण्यावर उपाय म्हणून केल्या असाव्यात, असा कित्येक पंडितांचा तर्क आहे. 'टॅटू' हा शब्द प्रशांत महासागरांतील बेटांवरून अठराव्या शतकांत इंग्रजींत आला. विजेच्या यंत्राचें पेटंट तर न्यूयॉर्क येथें १८९१ सालीं निघालें. म्हणजे जगाच्या इतिहासांत यंत्र हेंच नवें, हात हाच जुना.

आपल्याकडे गोंदणारीण गांवोगांव फिरे, जत्रेंत बसे. दोनचार सुया दोऱ्यानें एकत्र बांधून, दिव्याचें काजळ दुधांत किंवा एखाद्या पाल्याच्या रसांत कालवून, ती कपाळावर, हनुवटीवर व हातावर टिंबें, चांदणी, विंचू, तुळशीवृंदावन काढी. मोबदला बहुधा धान्याचा किंवा जुन्या लुगड्याचा असे. मेल्यावर दागिने येथेंच राहतात, गोंदण तेवढें बरोबर येतें, अशी बायकांची श्रद्धा होती. आमच्या आजीच्या हातावर असेंच एक वृंदावन होतें. तें आपल्या आठव्या वर्षीं काढलें, त्या वेळीं दोघी जणींनीं आपणांस धरून ठेविलें होतें, एवढेंच ती सांगे. तें तिला हवें होतें कीं नव्हतें, हें तिला कोणीं विचारलें नाहीं. पुढें आम्हांसही तें विचारण्याचें सुचलें नाहीं.

या गोष्टीचा विचार व्हावा असें आम्हांस वाटतें. पूर्वीं मुलीच्या अंगावर काय कोरावें, हें घर ठरवी आणि मुलगी रडे. आज वयांत आलेली मुलगी आपण होऊन घरास सांगते. क्वचित् आजीच्याच हातावरील नक्षी आपल्या हातावर मागते. अशा वेळीं तिच्यावर रागावणें सोपें आहे. परंतु न सांगतां कोठें तरी जाऊन जुन्या सुईनें काम उरकून येण्यापेक्षां, तिनें विचारलें हें किती तरी चांगलें. वडिलांचें काम तिला पुरती माहिती देण्याचें आहे.

माहितींत पहिली गोष्ट ही कीं, गोंदण कायमचें असतें. आपल्या त्वचेचा वरचा थर साधारण महिन्याभरांत नवा होतो. म्हणून तेथें पडलेला रंग टिकत नाहीं. सुई त्याखालच्या थरांत, सुमारें एक ते दोन मिलिमीटर खोल, रंग नेते. तेथें शरीरांतील भक्षक पेशी परक्या रंगाचे कण गिळतात, पण पचवूं शकत नाहींत. त्या पेशी मेल्या कीं सुटलेले कण नव्या पेशी पुन्हां गिळतात, असें फ्रान्समधील संशोधकांनीं २०१८ सालीं उंदरांवरील प्रयोगांनीं दाखविलें. काजळ काय किंवा आजची काळी शाई काय, दोहोंत मुख्यतः कार्बनच. तो त्वचेच्या आडून पाहिला म्हणजे प्रकाशाच्या विखुरण्यामुळें हिरवट-निळा भासतो. लेझर किरणांनीं गोंदण पुसट करितां येतें, परंतु त्यास अनेक खेपा व पुष्कळ पैसा लागतो. आणि पूर्वींची त्वचा जशीच्या तशी परत येईल, याचा भरंवसा नसतो.

दुसरी गोष्ट रक्ताची. हातानें टोचलें म्हणून तें निरुपद्रवी, असें मुळींच नाहीं. दूषित सुईनें कावीळ 'ब' व 'क' आणि एचआयव्ही हे रोग पसरूं शकतात. त्यांतील कावीळ 'ब' चा विषाणु शरीराबाहेर सात दिवसही जिवंत राहतो. यास्तव जत्रेंत एकच सुई अनेकांस लावणाऱ्याकडे जाऊं नये. कावीळ 'ब' ची लस आधीं घेतलेली असावी. तिच्या तीन मात्रा साधारणतः सहा महिन्यांत पुऱ्या होतात.

वेळ ठरविण्यापूर्वीं कारागिराकडे एकदां नुसतें पाहण्यास जावें. सुई एकदांच वापरून टाकावयाची आहे ना, तिचें पाकीट आपल्यासमोर फोडणार ना, हातमोजे नवे घालणार ना, शाई मोठ्या बाटलींत न बुडवितां लहान वाटींत वेगळी काढणार ना, हें स्पष्ट विचारावें. चांगला कारागीर अशा प्रश्नांनीं रागावत नाहीं. त्याचें ताजें काम पाहावेंच, पण दोन वर्षांपूर्वींचें कामही पाहावें. मधुमेह, रक्त पातळ करणारें औषध, गरोदरपण किंवा जखमेची जाड गांठ होण्याची प्रवृत्ति असल्यास प्रथम डॉक्टरांस विचारावें. अक्षरें असतील तर ऱ्हस्वदीर्घ घरीं दोघांनीं तपासून घ्यावें. वहींतील चूक खोडतां येते, हातावरील येत नाहीं.

त्या दिवशीं उपाशीं जाऊं नये. कारागीर त्वचा धुवून नव्या वस्तऱ्यानें केंस काढतो, आकृति उमटवितो आणि मग टिंबाशेजारीं टिंब देत जातो. यंत्रापेक्षां वेळ अधिक लागतो. आवाज मात्र नसतो. आकृतीची जागा पहिलें टिंब पडण्यापूर्वींच आरशांत पाहून घ्यावी.

यापुढील भाग निगेचा. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत सोळाव्या अध्यायांत कर्णवेध सांगितला आहे. तेथें कान टोचून विषय संपत नाहीं. नंतर तेल कसें घालावें आणि दर तिसऱ्या दिवशीं अधिक जाड वात कशी बदलावी, हेंही सांगितलें आहे. टोचणें घटकेचें, निगा दिवसांची, हा क्रम आजही तोच आहे. उपचार मात्र आजच्या ज्ञानाप्रमाणें करावा. कारागिरानें सांगितलेल्या वेळीं आच्छादन काढावें, हात साबणानें धुवून मग ती जागा कोमट पाण्यानें व सौम्य साबणानें हलकेंच धुवावी, स्वच्छ कपड्यानें टिपावी आणि सांगितलेलें मलम अगदीं पातळ लावावें. घरांतील हळद किंवा डब्यांतील खोबरेल उघड्या जखमेवर लावूं नये. तीं निर्जंतुक नसतात. दोन ते चार आठवडे पोहणें, नदीस्नान व कडक ऊन टाळावें. खपली धरली तर खाजवूं नये. ती ओढून काढली कीं तेथील रंगही जातो. थोडी लाली व ठणका दोनतीन दिवस स्वाभाविक असतो. परंतु लाली पसरूं लागली, पू आला किंवा ताप चढला, तर कारागिराकडे न जातां डॉक्टरांकडे जावें.

आणखी दोन व्यावहारिक गोष्टी. गोंदणानंतर आपल्या देशांत एक वर्ष रक्तदान करितां येत नाहीं. आणि भूदलांत जाऊं इच्छिणाऱ्यानें हें जाणावें कीं, कोपरापासून मनगटापर्यंतची हाताची आंतील बाजू व तळहाताची मागील बाजू एवढ्याच जागीं कायमचें गोंदण चालतें. परंपरेनें गोंदणाऱ्या आदिवासी जमातींस यांत सवलत आहे.

हें सर्व समजून घेऊन आणि मध्यें निदान सहा महिने जाऊं देऊन, सज्ञान मुलीची इच्छा तशीच राहिली, तर घरांतील एखाद्या वडील स्त्रीनें तिच्याबरोबर जावें आणि पाकीट फोडलेलें स्वतः पाहावें. सहा महिन्यांत इच्छा मावळली, तर कोणीं तिला हिणवूं नये. हात तिचा आहे. तो सुरक्षित राहावा, एवढी काळजी आपली.