शर्करेच्या साखळीला डोळ्यापासून सुरुवात हवी

कर्करोगाची गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात, असं बोस्टनचे शल्यचिकित्सक ज्युडा फोकमन यांनी १९७१ साली मांडलं. मधुमेहाने बिघडलेल्या दृष्टिपटलावरही अशाच नको त्या वाहिन्या फुटतात. त्या नाजूक असतात, त्यांतून रक्त सांडतं आणि नजर जाते. वाढीचा हुकूम देतात ती व्हीईजीएफ, एफजीएफ यांसारखी प्रथिनं. बेव्हॅसिझुमॅब हे प्रतिपिंड २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाल्यापासून व्हीईजीएफला अडवणं डॉक्टरांच्या हाती आलं आणि त्याचा रुग्णांना खरोखर उपयोग झाला. मात्र ते एकाच प्रथिनाला धरतं. तो रस्ता बंद झाला की गाठ एफजीएफसारख्या दुसऱ्या प्रथिनाच्या मदतीने रक्त मिळवू शकते. म्हणूनच एकाच वेळी दोन्ही प्रथिनांना अडवू पाहणाऱ्या, शर्करेपासून बनलेल्या संयुगांचा नाद सोडणं घाईचं ठरेल, असं मला वाटतं.

पेशींच्या पृष्ठभागावर हेपरान सल्फेट नावाच्या शर्करेच्या लांब साखळ्या असतात. त्यांच्यावरच्या सल्फेटमुळे त्यांना ऋण विद्युतभार मिळतो आणि वाढीची प्रथिनं त्यांना चिकटतात. या आधाराशिवाय एफजीएफला पेशीवरच्या आपल्या ग्राहीला नीट पकडता येत नाही. व्हीईजीएफचा मुख्य प्रकारही याच साखळ्यांना धरून राहतो. मग तशीच दिसणारी छोटी साखळी बाहेरून दिली, तर दोन्ही प्रथिनं तिच्यात अडकतील. शिवाय हेपरानेज हे विकर मूळ साखळ्या कापून तिथे साठलेली प्रथिनं मोकळी करतं. त्याचंही तोंड या नकली साखळीने बंद होतं. हेपरान सल्फेटच्याच जातीचं हेपरिन आणि कॉर्टिसोन एकत्र दिल्यास वाहिन्यांची वाढ थांबते, हे फोकमन यांच्या गटाने प्राण्यांमध्ये १९८३ मध्येच दाखवलं होतं.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: हे माणसात कुठे चाललं? ऑस्ट्रेलियात यीस्टच्या शर्करेपासून तयार केलेलं पीआय-८८ यकृताच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर देऊन पाहिलं, पण मोठ्या चाचणीत ते ठरवलेलं उद्दिष्ट गाठू शकलं नाही. ते रक्त पातळ करत होतं, काही रुग्णांच्या प्लेटलेटही घटल्या. पण पीआय-८८ म्हणजे कमी-जास्त लांबीच्या साखळ्यांचं मिश्रण होतं. मिश्रणातला कोणता रेणू गुण देतो आणि कोणता अपाय करतो, हे सुटं करून पाहणं कठीण असतं. हेपरिनचा रक्त पातळ करण्याचा गुण मुख्यतः पाच शर्करांच्या एका ठरावीक क्रमात आहे. तेवढाच तुकडा प्रयोगशाळेत बांधून २००१ मध्ये फोंडापरिनक्स हे औषध आलं. एक गुण असा वेगळा काढता येतो, तर नको असलेला गुण वगळूनही साखळी बांधता येईल. पीजी५४५ हा पुढचा रेणू मिश्रण नसून एकच निश्चित रेणू आहे, आणि तो माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांपर्यंत पोचला आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. हेपरान सल्फेट शरीरभर कामात गुंतलेलं आहे. त्याची नक्कल रक्तात सोडली तर निरोगी अवयवांच्या कामातही ढवळाढवळ होणारच. याला पूर्ण उत्तर नाही. पण डोळ्यात टोचलेलं औषध बऱ्याच अंशी डोळ्यातच राहतं, मात्राही फार कमी लागते. म्हणून या संयुगांची खरी कसोटी आधी दृष्टिपटलावर घ्यावी, कर्करोगाकडे नंतर वळावं. पीआय-८८ किंवा पीजी५४५ आज औषधाच्या दुकानात मिळत नाही. अशी औषधं येईपर्यंत मधुमेह असलेल्यांनी नजर चांगली असली तरी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा, आणि डॉक्टरांनी सुरू केलेली डोळ्यातली इंजेक्शनं मध्येच थांबवू नयेत.