बॉक्सला बॉक्स सापडेना? उगमापासून शोध घ्या



ठिबकच्या शेवटच्या नळीत पाणी येईनासे झाले तर आपण काय करतो? तिथला ड्रिपर काढून लगेच नवा बसवत नाही. आधी विहिरीवर जातो. मोटर चालू आहे का, फिल्टर तुंबला आहे का, व्हॉल्व्ह उघडा आहे का, असे पाहत पाहत शेवटच्या झाडापर्यंत येतो. घरातल्या दोन टीव्हींचे सेट-टॉप बॉक्स एकमेकांना जोडले आणि ती जोडणी बिघडली, तरी रीत हीच आहे. हे समजायला मला तीन आठवडे लागले आणि पैसेही गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हा लेख.

आमच्या वस्तीवर दोन घरे आहेत. नव्या घरात आम्ही राहतो, साठ पावलांवरच्या जुन्या घरात आई राहते. मुख्य बॉक्स आमच्याकडे. त्याला पेन ड्राइव्ह लावून कार्यक्रम साठवायचा आणि आईच्या बॉक्सवर तो घरच्या नेटवर्कमधून उघडायचा, अशी सोय केली होती. मी कामावरून आलो की शेतीचा कार्यक्रम पाहायचा, आईने तिच्या सवडीने कीर्तन पाहायचे. २०२२ च्या दिवाळीनंतर एके दिवशी आई म्हणाली, “अरे, माझी पेटी रुसली बघ. कीर्तन दाखवत नाही.” पडद्यावर ‘मुख्य बॉक्स सापडत नाही’ एवढेच येत होते.

तालुक्याहून एक कारागीर आणला. त्याने केबल बदलली, जुन्या घरात दुसरा राउटर बसवला, पैसे घेतले. इंटरनेट जोरात चालू लागले, पण बॉक्सला बॉक्स काही सापडेना. शेवटी एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन मीच बसलो.

आधी नकाशा काढा

इंटरनेटची लाइन घरात कोठे येते, राउटर कोठे आहे, तिथून कोणती केबल कोणत्या बॉक्सला जाते, कोणता बॉक्स वायफायवर आहे, हे सर्व कागदावर काढा. एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या बॉक्सला नेटवर्कची केबल लावायची जागा नाही आणि वायफायही नाही, तो अशा जोडणीत येतच नाही. त्याला छत्रीवरून स्वतंत्र केबलच लागते. असे असेल तर खटपट तिथेच थांबवा.

वीज आणि क्रम

सगळी उपकरणे बंद करून पुन्हा चालू करा, पण क्रमाने. प्रथम लाइनचा मोडेम. त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर. मग मुख्य बॉक्स आणि सर्वांत शेवटी दुसरा बॉक्स. प्रत्येकाच्या मध्ये दोन-तीन मिनिटे जाऊ द्या. कारण असे की राउटर हा पाटकऱ्यासारखा आहे. प्रत्येक उपकरणाला पत्ता तोच वाटून देतो. तो जागा होण्याआधी बॉक्स चालू झाला तर बॉक्सला पत्ता मिळत नाही.

मुख्य बॉक्स रिमोटने बंद केला असेल तर काही बॉक्स झोपेत नेटवर्कही बंद ठेवतात. मग दुसऱ्याला तो दिसणार कसा? शेतातली मोटर सुरू होताच जोडणी तुटत असेल तर दोष बॉक्सचा नाही, व्होल्टेज पडण्याचा आहे.

बॉक्स उचलून शेजारी न्या

ही सर्वांत उपयोगी चाचणी आहे आणि तिला पैसा लागत नाही. दुसरा बॉक्स उचलून मुख्य घरात आणा आणि आखूड, चांगल्या केबलने त्याच राउटरला जोडा. इथे चालला तर बॉक्स निर्दोष आहे, बिघाड वाटेत आहे. इथेही चालला नाही तर बिघाड बॉक्समध्ये किंवा त्याच्या मांडणीत आहे. निम्मे काम इथेच संपते.

वाटेत काय पाहावे? केबलच्या टोकाच्या पिनेची प्लास्टिकची जीभ तुटली की ती सैल बसते. उंदीर केबल कुरतडतात. पावसाळ्यात पिनांवर गंज चढतो. केबल लावल्यावर राउटरच्या त्या छिद्राजवळचा दिवा लागतो का, ते पाहा. नेटवर्कची तांब्याची केबल एका दमात १०० मीटरपर्यंतच चालते, हेही लक्षात असू द्या.

वायफाय असेल तर जाड मातीच्या भिंती आणि पत्रे त्याला अडवतात. राउटरवर बहुधा दोन वायफाय असतात. २.४ गिगाहर्ट्झचे लांब जाते, ५ गिगाहर्ट्झचे वेगवान असते पण भिंतीपाशी दमते. शिवाय ‘पाहुण्यांचे’ म्हणजे गेस्ट वायफाय असेल तर बॉक्स त्यावर ठेवू नका. त्यावरची उपकरणे घरातल्या इतर उपकरणांपासून मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात.

पत्ता वाचा

बॉक्सच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची माहिती असते. तिथला आकडा दोन्ही बॉक्सवर वाचून कागदावर लिहा. एकाचा १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१.८ असा असेल तर दोघे एकाच शिवारात आहेत. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. दोघांचा आकडा अगदी एकच असेल तर कोणीतरी पत्ता हाताने घातला असण्याची शक्यता आहे. तो काढून पत्ता आपोआप घेण्याची मांडणी करा.

आमच्याकडे एकाचा १९२.१६८.१.५ होता आणि आईच्या बॉक्सचा १९२.१६८.०.४. इथेच मेख सापडली. जुन्या घरातला नवा राउटर स्वतःच वेगळे पत्ते वाटत होता. एका वस्तीवर दोन पाटकरी झाले होते. इंटरनेट दोन्हीकडे पोचत होते, पण बॉक्स एकमेकांना हाक मारीत ती दुसऱ्या शिवारात ऐकूच जात नव्हती. दुसऱ्या राउटरच्या मांडणीत ‘ॲक्सेस पॉइंट’ हा पर्याय निवडला, म्हणजे त्याचे पत्ते वाटण्याचे काम बंद केले. दहा मिनिटांत आईचे कीर्तन सुरू झाले.

एक इशारा. राउटरच्या मागचे टाचणीने दाबायचे रीसेटचे बटण घाईने दाबू नका. लाइन देणाऱ्याने भरलेली माहिती त्याने पुसली जाते आणि चालू असलेले इंटरनेटही बंद पडते.

अंगणातली केबल

आता सर्वांत महत्त्वाचे. दोन घरांमधली केबल आम्ही बांबूवरून अंगणातून नेली होती. २०२३ च्या मे महिन्यात वळवाचा पाऊस आला. आभाळ भरताच आईने नेहमीप्रमाणे टीव्हीची आणि बॉक्सची पिन काढली. नेटवर्कची केबल मात्र तशीच राहिली. जवळच वीज पडली आणि त्या केबलवाटे दोन्ही घरांत धक्का गेला. दोन्ही राउटर आणि दोन्ही बॉक्स जळाले. आई त्या वेळी स्वयंपाकघरात होती. एरवी ती बॉक्सशेजारीच बसते. वस्तू पुन्हा आल्या, पण ती जळकी पिन मी अजून जपून ठेवली आहे.

म्हणून दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नका. आम्ही आता काचतंतूची केबल टाकली आहे, धातूची तार नसलेली. तिच्या दोन्ही टोकांना छोटे कन्व्हर्टर लागतात, पण तिच्यातून वीज वाहत नाही. ज्यांच्याकडे तांब्याची केबल आहे त्यांनी आभाळ दाटू लागताच विजेच्या पिनांबरोबर नेटवर्कची आणि छत्रीची केबलही काढावी. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र केबलला हात लावू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर ठेवा. परिसरातल्या विजांची सूचना त्यावर मिळते आणि शेतात असलेल्या माणसालाही तिचा उपयोग होतो.

काढलेला नकाशा आणि दोन्ही बॉक्सचे पत्ते टीव्हीच्या मागे चिकटवून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदलले ते लिहा. पिकावर रोग दिसला की चार औषधे एकदम फवारू नका, असे आम्ही तुम्हाला सांगत असतो. चारांतले कोणते लागू पडले ते मग कळत नाही. बॉक्सचेही तसेच आहे.