जुन्या घड्याळाची पारख

नामांकित स्विस घड्याळांच्या किमती लाखांच्या घरात असतात. म्हणून भिलाईजवळच्या रिसालीतील एखादा नोकरदार हौसेपोटी जुने घड्याळ शोधू लागतो. त्यात वर्षभराची बचत पणाला लागते.

संपूर्ण नकली घड्याळ ओळखणे त्या मानाने सोपे. रोलेक्सच्या काचेवरील भिंग तारखेचा आकडा अडीच पट मोठा दाखवते. पुष्कळ नकलांत तो लहानच दिसतो. खरी फसगत होते ती अर्ध्या अस्सल घड्याळात. यंत्र जुने, स्विस आणि चालू स्थितीतले; तबकडी मात्र नव्याने रंगवून छापलेली! अशी घड्याळे मुंबईतून इतकी बाहेर पडली, की संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ हे नावच रूढ झाले. पन्नास वर्षांपूर्वीच्या घड्याळाची तबकडी कोरी करकरीत दिसली, तर हुरळून न जाता शंका घ्यावी. अक्षरांच्या कडा पसरलेल्या आहेत का, मिनिटांच्या रेषा समान अंतरावर आहेत का, हे भिंगातून पाहावे. पिवळसर पडलेली, डागाळलेली तबकडी पुष्कळदा अधिक विश्वासाची असते.

एचएमटीचेही तसेच. तिच्या घड्याळ कंपनीला टाळे लावण्याचा निर्णय २०१६ साली झाला. तरी कारखान्याने कधी न काढलेल्या रंगांच्या ‘जनता’ तबकड्या बाजारात दिसतात.

शेवटी मागचे झाकण जाणकार घड्याळजीकडून उघडवून घ्यावे. काही कंपन्या यंत्रे बाहेरून घेत. त्यामुळे यंत्रावर नाव वेगळे दिसले, तरी घड्याळ लगेच नकली ठरवू नये. मात्र विक्रेता झाकण उघडूच देत नसेल, तर पैसे खिशातून काढू नयेत.